करमाफीचे बूट

सभेत हात वर करण्याचा आणि माझ्या रक्तदाबाचा काय संबंध आहे, तो डॉक्टरांना अजून सापडलेला नाही. मला सापडलेला आहे.

सभा होती शाळेच्या बँडच्या पालक मंडळाची आणि ती भरली होती बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात. तिथे कॉफी फुकट असते. फुकटची कॉफी प्यायलेल्या माणसाला थोड्या वेळाने कसली तरी परतफेड करावीशी वाटू लागते, हे चर्चवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मी दोन कप प्यायलो होतो.

विषय बुटांचा होता. एप्रिलमध्ये आमच्या मिल फोर्कच्या ओढ्याला पूर आला आणि बँडच्या खोलीत कमरेइतकं पाणी शिरलं. मुलांनी वाद्यं डोक्यावर घेऊन बाहेर काढली. माझी मुलगी मॅरिबेथ तर तिचा तो अजगरासारखा पितळी कर्णा, ट्युबा, अंगाभोवती गुंडाळूनच जिना चढली. गणवेश वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. बूट तेवढे खालच्या कपाटात राहिले. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं, तर चाळीसेक जोड काळ्या बुटांवर हिरवीगार बुरशी चढली होती. वसंत ऋतू आमच्याकडे त्या वर्षी आधी बुटांत आला.

एरवी ज्याने त्याने आपापल्या पोराला एक जोड घेऊन दिला असता. पण मोज्यांचा कारखाना बंद पडून वर्षही झालं नव्हतं, आणि त्या तळघरातल्या निम्म्या लोकांचं आयुष्य त्या कारखान्यात गेलेलं. 'आम्हाला जमणार नाही' हे कोणालाच मोठ्याने म्हणायचं नव्हतं. जो तो कॉफीच्या कपात बघत बसला होता. बँड मैदानात उतरला नाही तर काय, हाही प्रश्न होताच. आमचा फुटबॉलचा संघ हरण्यासाठी चार जिल्ह्यांत नावाजलेला आहे. लोक सामन्याला येतात ते मध्यंतरातला बँड बघायला. मध्यंतर संपलं की गाड्या सुरू होतात. त्या गावात बँडच नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी माणसांनी एकमेकांना भेटायचं कुठे?

तेव्हा मी हात वर केला.

म्हटलं, जुलैचा शेवटचा शुक्रवार येतोय. शुक्रवार ते रविवार सरकार शाळेच्या खरेदीवरचा विक्रीकर माफ करतं. कपडे, बूट, वह्या, सगळ्यावर. आमच्या टेनेसीत हा कर शंभराला जवळजवळ दहा पडतो. तेवढा वाचला आणि दुकानातला सेलही धरला, तर मंडळाने केक विकून जमवलेल्या पैशांत सगळ्यांचे बूट बसतात. कोणी खिशात हात घालायला नको. मी हे काम करतो.

माझ्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला त्याला कारण आहे. मी जिल्ह्याच्या घरपट्टीच्या कचेरीत आहे. कोणी घरामागे नवी पडवी काढली आहे का, हे कुंपणावरून डोकावून बघणं हे माझं काम. यामुळे गावात मला जेवायला फारसं कोणी बोलावत नाही, पण 'कर' हा शब्द निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. पाद्री ब्रदर केनेथ म्हणाले, "रॉस टिलरी आहे म्हटल्यावर आपल्याला बघायला नको." हे वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या झोपेत येत होतं.

घरी आल्यावर मी ही बातमी बायकोला सांगितली. ग्लेंडा दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असताना त्याला प्रश्न विचारायची तिला सवय आहे, त्यामुळे उत्तरासाठी ती थांबत नाही. चाळीस पोरांच्या पायांची मापं तुझ्याकडे आहेत का, पोरांचे पाय जुलैत वाढतात हे ठाऊक आहे का, आणि हे सगळं कंपनीकडून थेट का मागवत नाहीस, असे तिने ओळीने तीन प्रश्न विचारले आणि झोपायला गेली. तिसऱ्या प्रश्नाकडे मी तेव्हाच नीट लक्ष दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आमच्या शेजारी हॉइट मॅकल्हानी राहतात. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून गावाला पत्रांऐवजी सल्ले वाटतात. दुसऱ्या दिवशी मी गवत कापायचं यंत्र बाहेर काढायच्या आत ते कुंपणाला येऊन टेकले. करमाफीचे नियम त्यांनी कुठूनसे तोंडपाठ केले होते. बूट माफ, बुटांच्या नाड्याही माफ, पण फुटबॉलचे खिळ्यांचे बूट माफ नाहीत, कारण ते खेळाचं सामान. पट्टा माफ, पण पट्ट्याचं बक्कल वेगळं घेतलं तर कर. शर्ट माफ, शर्टाचं बटण सुटं घेतलं तर कर. सोंगाचा पोशाख माफ, सोंगाचा मुखवटा नाही.

"म्हणजे बघ रॉस," हॉइट म्हणाले, "अस्वलाचं सोंग घेतलंस तर मानेच्या खाली सरकार तुझ्या बाजूने आहे. मानेच्या वर तुझं तू बघ."

मी म्हटलं, मला अस्वल व्हायचं नाही, बूट घ्यायचे आहेत. ते म्हणाले, तयारी असावी.

मापांसाठी मी एक युक्ती काढली, आणि ती चांगली होती हे मी आजही म्हणतो. वाणसामानाच्या खाकी कागदी पिशव्या फाडून प्रत्येक पोराच्या घरी एक तुकडा पाठवला. त्यावर पाय ठेवायचा, पेन्सिलीने रेघ मारायची, कापायचं, वर नाव लिहायचं. आठवडाभर आमच्या दाराच्या फटीतून पाय येत होते. एकाने पाय मोजे घालून काढला होता, एकीने चुलतभावाकडून काढून घेतल्यामुळे तिला गुदगुल्या होऊन रेघ नागमोडी गेली होती. एकाच्या पाकिटात त्याच्या कुत्र्याचाही पाय होता, वर नाव लिहिलेला. ब्रॉडी नावाचा एक मुलगा आहे. त्याच्या पायाला एक पिशवी पुरली नाही, दुसरी चिकटवावी लागली. हा मुलगा बँडमध्ये सगळ्यात लहान बासरी वाजवतो. मॅरिबेथने मला विनवलं की बाबा, निदान हे पाय जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. म्हणून मी ते सगळे एका जुन्या सूटकेसमध्ये भरले.

शुक्रवारी रजा टाकून मी डोंगरापलीकडच्या शहरातल्या बुटांच्या दुकानात पोचलो, तेव्हा तिथे सगळा टेनेसी अनवाणी उभा आहे असं वाटलं. आया पोरांना ओढत होत्या, पोरं चालताना दिवे लागणाऱ्या बुटांकडे ओढली जात होती, आणि मधल्या वाटेत बुटांच्या खोक्यांचे डोंगर कोसळून पडले होते. काळे बूट मला मागच्या भिंतीला सापडले. साधे, नाड्यांचे, चकचकीत. बँडसाठीच जणू बनवलेले. मी सूटकेस उघडली आणि खाकी पाय जमिनीवर मांडून एकेका खोक्याशी जुळवायला लागलो.

थोड्याच वेळात माझ्या डोक्यावर सावली पडली. दुकानाची व्यवस्थापिका होती, मिस तमिका ब्लेलॉक. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, नजरेने माझ्या आजीएवढी. तिने आधी पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. मग तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सेलच्या किमतीत माणशी फक्त दोन जोड. मी म्हटलं, पण ही मुलं आहेत. ती म्हणाली, मुलं आलेली दिसत नाहीत, पाय आलेत. मी म्हटलं, मी जिल्ह्याच्या कर खात्यात आहे. कोणत्या, असं तिने विचारलं. घरपट्टी, मी म्हटलं.

"मग तुम्ही घर घ्यायला आलात की बोलू," ती म्हणाली. पण जाता जाता मागे वळून हळूच सांगितलं की या काळ्या बुटांचा माल एवढाच आहे, पुढचा सप्टेंबरशिवाय नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कोणत्या तरी शाळेचा बँडही सकाळपासून चौकशा करतोय. "तुमची माणसं असतील तर आजच बोलवा."

मी बाहेर गाडीत जाऊन ग्लेंडाला फोन लावला. उन्हं अशी होती की इंजिन बंद ठेवून गाडीतला पंखा चालू ठेवूनच बोललो, आणि म्हणून बोलणं संपलं तेव्हा गाडीची बॅटरीही संपली. पण ते नंतर कळलं. ग्लेंडाच्या समोर तेव्हा एक माणूस तोंड उघडून बसला होता, त्यामुळे तिने मोजकंच ऐकलं आणि मिस ओपलला कळवलं.

मिस ओपल स्टालकप आमच्या गावात सगळ्यात वयस्कर नाहीत, पण सगळ्यात वयस्कर आहेत तेही त्यांना भितात. कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. चर्चची प्रार्थनेची साखळी त्यांच्याकडे असते. कोणी आजारी पडलं, की मिस ओपल एका बाईला फोन करतात, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि अर्ध्या तासात सगळं गाव गुडघ्यावर येतं. साखळी उत्तम आहे. तिच्यात एकच खोट आहे. प्रत्येक कडी निरोपात आपल्या पदरची थोडी माया घालते.

ग्लेंडाने सांगितलं होतं की रॉसला बुटांच्या दुकानात माणसं हवी आहेत, माणशी दोन जोड, लगेच. तिसऱ्या घरी पोचेतो रॉस बुटांच्या दुकानात अडकला होता. सहाव्या घरी त्याच्या दोन्ही पायांना काहीतरी झालं होतं. दुसऱ्या चर्चच्या, मेथडिस्ट लोकांपर्यंत निरोप गेला तेव्हा मी जमिनीवर पडलो होतो आणि माझ्याभोवती पाय होते, जे एका अर्थी खरंच होतं. शेवटची कडी होती मिस्टर एव्हरेट सटल्स. त्यांचा अंत्यविधीचा व्यवसाय आहे. त्यांना काय सांगितलं गेलं ते मला कोणी आजवर स्पष्ट सांगितलेलं नाही, आणि मीही खोदून विचारलेलं नाही.

मी मात्र दुकानासमोरच्या फुटपाथवर सूटकेसवर बसून होतो. मनात हिशेब चालला होता की दोन जोड घेऊन घरी गेलो तर त्या तळघरात परत तोंड कसं दाखवायचं. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या बँडचे पालक एकेक करून आत जात होते आणि काळे खोके घेऊन बाहेर येत होते. माणसाला भूक लागते तेव्हाच मान जास्त दुखावतो. मला दोन्ही झालं होतं.

तेवढ्यात चर्चची पांढरी बस वळण घेऊन आत आली.

आधी मिस ओपल उतरल्या, त्यांच्यामागे चर्चच्या गायनमंडळातल्या बायका, त्यांच्यामागे ब्रदर केनेथ, आणि सगळ्यांच्या हातात झाकलेली भांडी. आमच्याकडे कोणावर काहीही संकट आलं की आधी शिजवतात, मग चौकशी करतात. मला धडधाकट बघून दोघीतिघींचा थोडा विरस झाला हे मला जाणवलं. निरोप साखळीतून फिरून मिस ओपलकडेही परत आला होता; त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या पायांपाशी जरा जास्त वेळ, आणि म्हणाल्या, "पाय आहेत की रे तुला."

मी म्हटलं, आहेत, मॅम.

"मग उभा राहा त्यांच्यावर. सांग काय करायचं."

मी सांगितलं. प्रत्येकाच्या हातात दोन खाकी पाय दिले; पैसे तूर्त ज्याचे त्याने भरायचे, मंडळ नंतर देईल. बघता बघता मेथडिस्टांच्या गाड्या आल्या, अग्निशमन दलाची पोरं आली, ग्लेंडा तिच्या दातांच्या डॉक्टरांनाच घेऊन आली, आणि हॉइट आले ते सगळ्यांना रांग कशी लावावी ते सांगायला. मी अनेक रांगा बघितल्या आहेत, पण हातात कागदाचे पाय घेऊन उभी असलेली रांग पहिल्यांदाच बघितली. लोक ते उलटेपालटे करून वरची नावं वाचत होते. हा आमच्या मागच्या गल्लीतला ना, हिची आई माझ्याबरोबर शिवणखात्यात होती, याचा पाय तर याच्या बापासारखाच आत वळलाय. मिस तमिका ब्लेलॉक काउंटरमागून हे बघत होती. काही वेळाने तिने आणखी एक काउंटर उघडला.

आणि मग मिस्टर सटल्स आले. शवपेटी न्यायची लांब, काळी, नुकती धुतलेली गाडी. स्वतः काळ्या सुटात, त्या उन्हात. दाराशी ते थांबले, चेहरा त्यांनी कामाचा करून ठेवला होता. मी तेव्हा एका हातात कोंबडीची तंगडी आणि दुसऱ्या हातात खोका घेऊन उभा होतो. आमची नजरानजर झाली. ते क्षणभर माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच काहीतरी शब्द देऊन मोडला आहे असं मला वाटलं.

"मिस्टर टिलरी," ते म्हणाले, "तुम्हाला बघून आनंद झाला."

हे वाक्य इतक्या मनापासून मला कोणी म्हटलेलं नाही. मी त्यांच्या हातात दोन पाय दिले आणि ते शांतपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढचे दोघे आपोआप त्यांना वाट द्यायला लागले, पण ते म्हणाले, नाही, मला सवय आहे, मी नेहमी शेवटीच येतो.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. मिस ओपलने बुटांबरोबर पॉलिशची डबी घेतली, आणि यंत्राने डबीवर कर लावला. पॉलिश म्हणजे कपडा नव्हे. मिस ओपलचं म्हणणं पडलं की पॉलिशशिवाय काळा बूट म्हणजे धुतलेल्या तोंडाशिवाय रविवार. गल्ल्यावरची मुलगी रडवेली झाली. रांग थांबली. हॉइट मागून ओरडून नियम सांगू लागले, ते बरोबर होते आणि म्हणून कोणाला आवडले नाहीत. शेवटी मिस ओपलने करासकट पैसे मोजले आणि मुलीला बजावलं की हे मी भरतेय, पण सरकारला सांग की मी बघितलंय.

मोठी अडचण होती ब्रॉडीची. त्या मापाचा बूट दुकानात नव्हता, त्यांच्या कोणत्याच दुकानात नव्हता. जोडलेल्या दोन पिशव्यांचा तो पाय नेमका मिस्टर सटल्स यांच्याकडे आला होता. त्यांनी तो वाकून स्वतःच्या बुटाशेजारी जमिनीवर ठेवला. रेघ न्‌ रेघ जुळली. ते बाकावर बसले, नाड्या सोडल्या, आणि आपले आरशासारखे काळे बूट काढून माझ्या हातात दिले. मी नको नको म्हणायला लागलो.

"घरी आणखी आहेत," ते म्हणाले. "माझ्या धंद्यात काळ्याच बुटांचा साठा असतो. आणि मुलगा बासरी वाजवतो ना? मग त्याला चांगले बूट हवेतच."

संध्याकाळी सगळे जोड जमले. पण बस माणसांनी आणि भांड्यांनी भरलेली, लोकांच्या गाड्यांत पोरं आणि करमाफीची आपापली खरेदी, आणि माझी गाडी तर सुरूच होईना. मिस्टर सटल्स यांनी, पायात नुसते मोजे, आपल्या लांब गाडीचं मागचं दार उघडलं. इतके खोके एवढ्या नीट मावतील अशी दुसरी गाडी जिल्ह्यात नव्हती. मी त्यांच्या शेजारी पुढे बसलो.

पुढची हकिगत मी मुद्दाम सांगतो, कारण ती इतरांच्या तोंडून वेगळी ऐकू येते. आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की समोरची गाडी कडेला थांबते, हा रिवाज. पुढे आमची काळी गाडी, मागे चर्चची बस, तिच्यामागे दिवे लावलेल्या दहाबारा गाड्या. डोंगराच्या पहिल्याच वळणावर एक ट्रक थांबला. मग दुसरा. एका म्हाताऱ्याने शेतात टोपी काढून छातीशी धरली. घाटाच्या माथ्यावर शेरीफच्या माणसाची गाडी उभी होती. त्याने आमच्याकडे बघितलं, टपावरचा दिवा लावला आणि मान वाकवून गाडी आमच्या पुढे घातली. मी मिस्टर सटल्स यांना म्हटलं, आपण थांबून सांगायला हवं. ते म्हणाले, यात्रा मध्ये थांबवत नाहीत, अशुभ असतं. मग आम्ही चाळीसेक जोड बुटांसह, पोलिसांच्या मानवंदनेत, ताशी वीस मैलांनी मिल फोर्कमध्ये शिरलो. गावात जे मागे राहिले होते ते अंगणात उभे होते. मी सीटवर जितका खाली सरकता येईल तितका सरकलो. तेवढ्यात एका बाईने मला बघितलं आणि हात हलवला. ते बघून तिच्या शेजारची बाई मटकन खाली बसली, कारण तिच्याकडे साखळीचा शेवटचाच निरोप पोचला होता.

त्या रात्री मी फार सुखाने झोपलो.

सोमवारी बँडच्या शिक्षिका मिस रोझलिंड कँट्रेल लग्नाच्या सुट्टीवरून परत आल्या. नवी नोकरी, नवं लग्न, उत्साह दांडगा. वरच्या मजल्यावर ओळीने मांडलेले बूट बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी नम्रपणे म्हटलं की सगळे करमाफीत मिळाले, एक पैसा कर भरला नाही. एक पॉलिशची डबी सोडून.

त्या जरा गोंधळल्या. "पण मिस्टर टिलरी, शाळेला विक्रीकर लागतच नाही."

मी म्हटलं, शुक्रवार ते रविवार.

"वर्षभर," त्या हळूच म्हणाल्या. "कधीच लागत नाही. शाळेच्या नावाने मागवलं की झालं. कंपनी मापाप्रमाणे घरपोच पाठवते." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, "तुम्ही कर खात्यात आहात ना, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मी बास ड्रमच्या पेटीवर बसलो. या जिल्ह्यातल्या प्रत्येक पडवीचं क्षेत्रफळ मला सांगता येतं. शाळेच्या इमारतीवर घरपट्टी नसते हेही मीच वर्षानुवर्षं कागदावर लिहीत आलो आहे. त्याच शाळेच्या पोरांच्या पायांसाठी मी अख्खं गाव उन्हात उभं केलं, एका सज्जन माणसाला अनवाणी केलं आणि शेरीफकडून बुटांना सलामी घेतली.

ग्लेंडाला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच उत्तरासाठी वाट बघितली. मग ती इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि हसून झाल्यावर माझ्या पानात दुसऱ्यांदा मक्याचा पाव वाढला. सभेत तूच सांग, म्हणाली, हॉइटना कळायच्या आत.

सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वर चर्चमध्ये कोणीतरी ऑर्गनवर बोट ठेवलेलं ऐकू आलं. मी म्हटलं, निदान तुम्ही दुकानात भरलेले पैसे तरी मंडळ परत करेल. पैसे मी आणले आहेत, ज्याचे त्याने घ्यावेत. आणि मंडळाच्या गल्ल्याची पेटी टेबलावर ठेवली.

कोणी उठलं नाही. मला वाटलं, चिडलेत. हॉइटकडे बघितलं. हॉइट छताकडे बघत होते. कारखान्यातून काढलेली माणसं पुढच्याच रांगेत होती. त्यांच्यासाठीच तर मी म्हटलं होतं की कोणी खिशात हात घालायला नको. त्यांनीही दोन दोन जोड घेतले होते. तीही उठली नाहीत.

शेवटी मिस ओपल बसल्या जागेवरून बोलल्या. आवाज चढवायची त्यांना गरज नसते.

"मी त्या कारखान्यात मोजे केले. किती केले देव जाणे. जगभर गेले असतील. कोणाच्या पायात गेले, मला एकदाही कळलं नाही. हे दोन जोड कोणाच्या पायात जाणार, ते मला नावानिशी ठाऊक आहे. आता ते पैसे परत देऊन माझ्याकडून ते काढून घेऊ नकोस, रॉस."

मी पेटी बंद केली. समोरची कॉफी एका घोटात संपवली. ते पैसे पुढे बँडच्या कपाटांना उंच पाय लावायला गेले. ब्रदर केनेथनी प्रार्थना सांगितली. तिच्यात त्यांनी देवाचे आभार मानले की त्याने आम्हाला रॉस टिलरीसारखा अपुऱ्या माहितीचा माणूस दिला. लोक 'आमेन' म्हणाले, जरा जास्तच जोरात. मीही म्हणालो. त्या दिवशी मला कोणाचाच राग आला नाही. आला तो एवढाच विचार, की मला सगळं ठाऊक असतं तर ट्रकवाला शाळेच्या दारात खोके टाकून गेला असता, आणि आम्हा कोणालाही काही कळलं नसतं.

ऑगस्टमध्ये पहिला सामना झाला. पाहुण्यांचा संघ आमच्यापेक्षा मोठा होता आणि मध्यंतरापर्यंत निकाल लागून गेला होता. मग दिवे उजळले, ढोलावर काठी पडली आणि बँड मैदानात आला. आमच्या बाजूचा सगळा बाक एकदम पुढे झुकला, आणि सगळ्यांच्या माना खाली.

माझ्या पुढच्या ओळीत पाहुण्यांच्या गावचा एक गृहस्थ चुकून आमच्या बाजूला बसला होता. त्याने वळून विचारलं की तुमच्याकडचे लोक बँड बघताना पायांकडे का बघतात. शेजारी मिस्टर सटल्स होते. ते आपल्या मऊ, दिलासा देणाऱ्या आवाजात म्हणाले, "त्यातले दोन माझे आहेत." तो गृहस्थ सरकून बसला.

मॅरिबेथ ट्युबाच्या वेटोळ्यात होती, तिचे गुडघ्याखालचे पायच काय ते दिसत होते. पण मी ते ओळखले. ओल्या गवतात ओळ वळली, काळे बूट एकदम उचलले गेले, एकदम टेकले. मागून दातांच्या डॉक्टरांनी कोणाला तरी सांगितलं, तिसऱ्या रांगेतली ती, ती माझी. अग्निशमन दलातला एक पोरगा आपला जोड सापडत नाही म्हणून अस्वस्थ झाला होता, मग सापडला. मिस ओपलने माझी बाही ओढली.

"माझा बघ, ढोलवाला. चिखल उडवतोय."

मी म्हटलं, खराब होतील, मिस ओपल.

"होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मैदानावरची नजर काढली नाही. "चालतोय बघ कसा."